उद्घाटनाचा सोहळा टीव्हीवर का दिसला नाही?

२०२३ चा क्रिकेट विश्वचषक ५ ऑक्टोबरला अहमदाबादमध्ये इंग्लंड-न्यूझीलंड सामन्याने सुरू झाला. उद्घाटन सोहळा झालाच नाही. मग १४ ऑक्टोबरच्या भारत-पाकिस्तान सामन्याआधी त्याच मैदानावर अरिजित सिंग, सुखविंदर सिंग, शंकर महादेवन गाणार असल्याचे बीसीसीआयने जाहीर केले. अमरावती-अकोल्यातला प्रेक्षक जेवण आटोपून टीव्हीसमोर बसला. गाणी काही दिसली नाहीत.

असे का झाले? कारण सामना आणि त्याआधीची करमणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००७ च्या कायद्यानुसार, राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण वाहिन्यांना प्रसार भारतीलाही द्यावे लागते. त्यामुळेच विश्वचषकातले भारताचे सामने फ्री डिशवर फुकट दिसले. गाण्यांचा कार्यक्रम मात्र तिकीट काढून मैदानात आलेल्यांपुरताच राहिला. गाजावाजा सगळ्यांसाठी, सोहळा मोजक्यांसाठी. प्रेक्षकाचा राग आहे तो यावर, आणि तो रास्त आहे.

अहमदाबादला जाणे ज्याला परवडत नाही, त्याचे मैदान म्हणजे टीव्हीच. त्याच आठवड्यात, ७ ऑक्टोबरला, आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात अमरावतीचा जितेश शर्मा होता. आपल्या गावचा खेळाडू देशासाठी खेळताना गरिबाच्या पोरालाही दिसला पाहिजे.

मित्रांनो, गाणी हुकली तर फार बिघडत नाही. पण सामना फुकट दिसतो तो कायद्याने, कुणाच्या मेहरबानीने नाही. हा हक्क माहीत असू द्या. उद्या त्याला कात्री लागली, तर गप्प बसू नका.