विश्लेषण : संग्रहालयशास्त्राचे विद्यार्थी प्रबंधात नेमके काय करतात?

संग्रहालयातील वस्तू चोरीला गेली, तर ती आपलीच आहे हे सिद्ध कसे करायचे? उत्तर तिच्या नोंदीत असते. ही नोंद तयार करण्याचे, तपासण्याचे काम संग्रहालयशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी अनेकदा प्रबंधासाठी करतात.

हा अभ्यासक्रम कुठे शिकवतात?

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्र विभाग सुरू झाला. देशातील हा या विषयाचा पहिला विभाग मानला जातो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय मुंबई विद्यापीठाच्या सहकार्याने संग्रहालयशास्त्र व जतनाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम चालवते.

प्रबंधाचे विषय कोणते?

दालनात प्रेक्षक कुठे थांबतात, माहितीफलक वाचतात का, दमट हवेत कापड वा हस्तलिखित कसे टिकवायचे, असे अनेक विषय असतात. मात्र सर्वांत किचकट आणि सर्वांत उपयोगी विषय म्हणजे एखाद्या संग्रहाचे दस्तऐवजीकरण.

त्यात काम काय असते?

समजा, विद्यार्थ्याने पन्नास दिवे निवडले. प्रत्येकाचे माप, वजन, धातू, कोरीव अक्षरे, पोचा किंवा तडा यांची नोंद होते. मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली जातात. मग वस्तूवरचा क्रमांक जुन्या नोंदवहीशी जुळवायचा. इथेच खरी कसोटी लागते. नोंदवहीत केवळ ‘पितळी दिवा, एक’ एवढेच लिहिलेले असेल, तर पन्नासांपैकी तो कोणता? तो कोणी दिला, कधी, कुठून आला, हे शोधण्यासाठी जुना पत्रव्यवहार आणि पावत्या चाळाव्या लागतात.

एका नोंदीने काय साधते?

तमिळनाडूतील श्रीपुरंतन येथील मंदिरातून चोलकालीन नटराजाची मूर्ती चोरीला गेली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये ती सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९९४ मध्ये मंदिरातच काढलेली छायाचित्रे मूर्तीशी जुळली आणि २०१४ मध्ये नटराज भारतात परतला. ती छायाचित्रे काढली गेली, तेव्हा चोरी झालेलीही नव्हती. चोरीनंतर उपयोगी पडावी, अशी माहिती किमान काय असावी, हे ‘ऑब्जेक्ट आयडी’ हे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ते १९९७ मध्ये जाहीर झाले.

कायदा पुरेसा नाही का?

१९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या वस्तू, तर हस्तलिखितांच्या बाबतीत ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते परदेशी नेण्यावर निर्बंध आहेत. पण कायद्याचा आधार घ्यायचा, तर वस्तू ओळखता यायला हवी. छायाचित्र नाही, माप नाही, तर तक्रारीत लिहिणार काय?

मग अडते कुठे?

प्रबंध विभागाकडे जमा होतो, गुण मिळतात. त्यातील माहिती संग्रहालयाच्या नोंदवहीत चढली नाही, तर पुढच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांच्या डिजिटल नोंदींसाठी ‘जतन’ ही प्रणाली विकसित केली आहे. प्रबंधातील नोंदी तपासून अशा प्रणालीत भरल्या, तर विद्यार्थ्याची मेहनत वस्तूच्या कामी येईल. त्यासाठी संग्रहालय आणि विद्यापीठ यांच्यात आधीच तसे ठरायला हवे. प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात जाते. दुसरी संग्रहालयाच्या नोंदणी विभागात जायला हरकत नसावी.