विश्लेषण : रक्षणासाठी घरात बंदूक, पण धोका नेमका कुणाला?

१ ऑक्टोबर २०२४ची पहाट. पावणेपाचच्या सुमारास अभिनेते गोविंदा कोलकात्याला जाण्यासाठी जुहू येथील घरातून निघण्याच्या तयारीत होते. परवाना असलेले रिव्हॉल्व्हर ठेवून देताना ते हातातून निसटले, खाली पडले आणि सुटलेली गोळी थेट त्यांच्या पायात घुसली. शस्त्रक्रिया करून गोळी काढावी लागली. चौथ्या दिवशी त्यांना रुग्णालयातून घरी सोडण्यात आले. घरात चोर शिरला नव्हता, हल्ला झाला नव्हता. शस्त्र परवान्याचे, मालक अनुभवी, घर स्वतःचे.

या घटनेवर समाजमाध्यमांत मीम्सचा पाऊस पडला. पण मूळ प्रश्न मागेच राहिला. स्वसंरक्षणासाठी घरात ठेवलेली बंदूक खरोखर घराचे रक्षण करते का?

खाली पडल्यावर गोळी सुटतेच कशी?

गोविंदा यांच्या शस्त्रात नेमके काय झाले हा पोलीस तपासाचा भाग होता. पण ‘चाप न ओढता गोळी सुटूच शकत नाही’ हा सर्वसामान्य समज चुकीचा आहे, हे रिव्हॉल्व्हरच्या आत डोकावले की कळते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारे एक दंडगोल असते, त्यात बहुधा सहा कप्पे असतात. चाप ओढला की मागचा घोडा पुढे आदळतो, त्याची सुई काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरवर बसते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. थोडक्यात, गोळी सुटायला चाप नव्हे तर प्रायमरवर बसणारा फटका लागतो. जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असताना सुई काडतुसाला जवळपास टेकलेलीच असते. असे शस्त्र घोड्याच्या बाजूने फरशीवर पडले तर तो फटका फरशीच देते. नव्या बनावटीत हे टाळण्यासाठी घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडथळा असतो. चाप पूर्ण ओढल्याशिवाय फटका पुढे पोहोचतच नाही. जुने शस्त्र बाळगणारे जाणकार घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवतात, तो याच कारणासाठी.

दुसरे कारण यंत्राचे नाही, माणसाचे आहे. हातातून वस्तू निसटली की ती पकडायला हात आपोआप झेपावतो. मोबाइल पडताना आपण सगळेच हे करतो. मोबाइलच्या जागी भरलेले शस्त्र असेल तर बोट चापावर जाऊ शकते.

पिस्तुलाचा घोटाळा वेगळा. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे अनेकांना वाटते. पण एक काडतूस आधीच चेंबरमध्ये चढलेले असू शकते आणि बऱ्याच पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ते सुटते. ‘बंदूक साफ करताना गोळी सुटली’ अशा बातम्यांमागे अनेकदा हेच एक विसरलेले काडतूस असते.

संशोधन काय सांगते?

या विषयावरचे बहुतांश संशोधन अमेरिकेतले आहे. तिथे साधारण ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३च्या पाहणीत त्यातल्या ७२ टक्के लोकांनी ‘स्वसंरक्षण’ हे प्रमुख कारण सांगितले. १९९३ मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरांत खून झाला ती घरे आणि त्याच परिसरातली इतर घरे यांची त्यांनी तुलना केली. बंदूक असलेल्या घरात खून होण्याची शक्यता सुमारे २.७ पट असल्याचे त्यात आढळले.

त्यावर टीकाही झाली, आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. ज्यांच्या जिवाला आधीच धोका आहे तेच लोक बंदूक घेतात, मग दोष बंदुकीचा कसा, असा आक्षेप होता. गुन्हेशास्त्रज्ञ गॅरी क्लेक यांनी तर १९९५ मध्ये, अमेरिकेत वर्षाला सुमारे २५ लाख वेळा बंदूक बचावासाठी वापरली जाते, असा अंदाज मांडला. सरकारी सर्वेक्षणातून निघणारा आकडा मात्र एक लाखाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. दोन्हींतली तफावत इतकी मोठी आहे की वाद आजही मिटलेला नाही.

म्हणून कॅलिफोर्नियातले नंतरचे अभ्यास महत्त्वाचे ठरतात. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डेव्हिड स्टडर्ट आणि सहकाऱ्यांनी सुमारे १ कोटी ७६ लाख प्रौढांच्या १२ वर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांनी बंदूकमालकांकडे नाही, तर त्यांच्यासोबत राहणाऱ्या, स्वतःकडे बंदूक नसलेल्या लोकांकडे पाहिले. हातबंदूक असलेल्या घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक निघाले. घरातच जोडीदाराकडून गोळी लागून मरण्याचे प्रमाण तर सुमारे सात पट होते आणि अशा बळींमध्ये ८४ टक्के महिला होत्या. अनोळखी व्यक्तीकडून घरात मारले जाण्यापासून मात्र या लोकांना जास्त संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. ज्या भीतीपोटी बंदूक घेतली, नेमका तिथेच फायदा दिसत नाही.

चोर की घरचाच माणूस?

मध्यरात्री खुडबुड ऐकू येते, झोपेतून उठलेला माणूस घाबरलेला असतो, अंधार असतो. १४ फेब्रुवारी २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेचा धावपटू ऑस्कर पिस्टोरिअस याने घरातल्या शौचालयाच्या बंद दारातून चार गोळ्या झाडल्या. आत त्याची मैत्रीण रीवा स्टीनकँप होती. घुसखोर समजून गोळ्या झाडल्या, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने अखेर त्याला खुनासाठी दोषी ठरवले. पण आपल्या मुद्द्यापुरता त्याचा बचाव जसाच्या तसा खरा मानला तरी दाराआड कोण आहे हे त्याला माहीत नव्हते. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या घरात तर प्लायवूडच्या दारापलीकडे मुले झोपलेली असतात.

आणि घरातले भांडण? जुलै २०२५ मध्ये गुरुग्राममध्ये २५ वर्षांच्या एका टेनिसपटू तरुणीचा राहत्या घरात गोळ्या लागून मृत्यू झाला. अटक झाली ती वडिलांना, आणि शस्त्र त्यांचेच, परवान्याचे होते. मुंबईत फेब्रुवारी २०२४ मध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्हदरम्यान गोळ्या झाडण्यात आल्या. ते पिस्तूलही परवान्याचेच होते, फक्त परवाना हल्लेखोराच्या नव्हे तर त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. परवाना एका माणसाला मिळतो, शस्त्र मात्र ज्याच्या हाती लागेल त्याचे.

‘आमच्या मुलांना शिकवून ठेवलंय’ पुरेसे आहे का?

२००१ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना छोट्या गटांत एका खोलीत खेळायला सोडले. खणात एक खरे, पण निकामी केलेले पिस्तूल लपवले होते. २९ पैकी २१ गटांना ते सापडले, १६ गटांतल्या मुलांनी ते हाताळले आणि १० गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. अनेकांना ते खेळणे आहे की खरे हे सांगता आले नाही. हाताळणाऱ्यांपैकी बहुतेकांना बंदुकीबाबत आधी सूचना दिलेल्या होत्या. कपाटावर ठेवलेला लाडूचा डबा कोणत्या मुलाला सापडत नाही?

ज्याबद्दल कमी बोलले जाते…

अमेरिकेत बंदुकीमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्यांचे असतात. टोकाच्या निराशेचा क्षण अनेकदा फार थोडा वेळ टिकतो. तो टळला की बहुतेक माणसे सावरतात. हाताशी बंदूक असेल तर तो टळायला वेळच मिळत नाही. इस्रायली लष्कराने २००६ मध्ये एक साधा बदल केला. सुटीला घरी जाणाऱ्या सैनिकांनी शस्त्र तळावरच ठेवून जायचे. सैनिकांमधील आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या आणि ही घट प्रामुख्याने शनिवार-रविवारची होती. ते लोक तेच होते, ताणही तोच होता. फक्त घरात बंदूक नव्हती. (मानसिक तणावात असाल किंवा कुणाची काळजी वाटत असेल तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत मदत मिळते.)

भारतात कायदा काय आहे?

अमेरिकेत घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा घटनात्मक हक्क आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले. भारतात तसा मूलभूत हक्क नाही. शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवाना लागतो. तो जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी, तर मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्त देतात. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. पोलीस चौकशी, मानसिक आरोग्यासह वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, असे टप्पे आहेत. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षे आहे. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

पण परवाना म्हणजे गोळी झाडण्याची मुभा नव्हे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती असेल, किंवा रात्री घरफोडी होत असेल, तर तो हक्क हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी झाडली तर ‘माझ्याकडे परवाना होता’ हे उत्तर न्यायालयात टिकणे अवघड आहे.

मग ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्यांनी?

इथे खरी अडचण आहे. जगभरच्या सुरक्षा सूचना सांगतात, शस्त्र रिकामे करून कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, चाव्या इतरांच्या हाती नकोत. पण असे ठेवलेले शस्त्र रात्री दोन वाजता दार फुटत असताना हाती येणार किती मिनिटांनी? आणि झटकन हाती यावे म्हणून उशाशी भरून ठेवले, तर वर सांगितलेले सगळे धोके उशाशी आले. दोन्ही एकाच वेळी साधता येत नाही. बळकट सेफ्टी डोअर, बाहेरचा दिवा, जागा शेजार आणि ११२ क्रमांक यांना ही अडचण नाही.

कोकणात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत वानर आणि रानडुकरांपासून बागायत वाचवण्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. अशी बंदूक अनेकदा वारशाने येते. परवानाधारकाच्या निधनानंतर वारसाला ती आपोआप आपल्या नावावर ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करून स्वतंत्र परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर हयातीतच वारसाच्या नावे हस्तांतरासाठीही अर्ज करता येतो. तेव्हा आजोबांची बंदूक माळ्यावर गुंडाळून ठेवलेली असेल तर ती स्वतः उलगडून पाहू नका. ती भरलेली आहे की रिकामी, हे सांगू शकणारा एकमेव माणूस बहुधा आता हयात नसतो. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि जाणकाराकडूनच ती रिकामी करून घ्या.