पदवी मिळाली, शिकणे किती झाले?

अमेरिकेत विद्यापीठांना अधिमान्यता सरकार देत नाही. बिगरसरकारी संस्था देतात. इमारती, ग्रंथालये यांबरोबरच सर्व शाखांना समान असलेल्या सामान्य शिक्षणातून विद्यार्थी काय शिकले, याचाही पुरावा त्या मागतात. हे मोजायचे कसे?

नुसते शेवटचे गुण पुरत नाहीत. काही वर्ग मुळातच पुढे असतात. म्हणून तीच चाचणी सुरुवातीला व शेवटी घेऊन पाहू. समजा, वर्गाची सरासरी ४० टक्क्यांवरून ७० झाली. शक्य वाढ ६०, प्रत्यक्ष वाढ ३०. म्हणजे लाभ ०.५. दुसरा वर्ग ८० वरून ८६ वर गेला. गुण जास्त, पण लाभ ०.३च!

रिचर्ड हेक यांनी १९९८ साली भौतिकशास्त्राच्या ६२ प्रारंभिक अभ्यासवर्गांतील ६५४२ विद्यार्थ्यांचे असे आकडे प्रसिद्ध केले. मुख्यतः व्याख्यानांवर चालणाऱ्या वर्गांत सरासरी लाभ ०.२३, तर चर्चा व कृतीला वाव देणाऱ्या वर्गांत ०.४८ आढळला.

आपणही एखाद्या प्रकरणाआधी व नंतर दहा प्रश्न विचारून पाहू. मात्र मधल्या काळात त्यांची उत्तरे सांगायची नाहीत. आणि हे गुण प्रगतिपुस्तकात नकोत, असे आम्हांला वाटते. ते विद्यार्थ्यांचे नसून आपल्या शिकवण्याचे आहेत.