परिपाठात हात जोडायची सक्ती नाही

नांदेड-लातूरकडच्या जिल्हा परिषद शाळांत सकाळी परिपाठ होतो: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, एखाद्या मुलीने वहीतून वाचलेला दिनविशेष. प्रार्थना सगळ्यांनी म्हटलीच पाहिजे, असा काहींचा समज असतो. सरकारी शाळेत धर्माचे नावही घ्यायचे नाही, असा इतरांचा. दोन्ही बरोबर नाहीत.

संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण (एखाद्या पंथाची श्रद्धा वा उपासना शिकवणे) देता येत नाही. अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळेतही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. पंगतीत एखाद्याने एक पदार्थ घेतला नाही म्हणून त्याला पानावरून उठवत नाहीत. गप्प उभ्या राहिलेल्या मुलालाही रांगेतून काढू नये. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेत हात जोडले नव्हते. तशी सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले.

धर्मांची माहिती देणे मात्र वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते संविधानाला धरूनच असल्याचे सांगितले. गुरू गोविंदसिंगांचे अखेरचे दिवस नांदेडला गेले, १७०८ मध्ये, हे तिथल्या प्रत्येक मुलाला कळायलाच हवे. त्यासाठी कोणाला अरदास (शिखांची प्रार्थना) म्हणायला लावावी लागत नाही.