अडगळीतली लूना

परड्यातली माझी जुनी लूना यंदा मे महिन्यात भंगारात निघाली होती. १९७२ साली कायनेटिकने आणलेली ही ५० सीसीची, पायडल मारून चालू होणारी गाडी. पाटणच्या आसपासची गावं बचत गटासाठी मी तिच्यावरूनच पालथी घातली.

लेक म्हणाली, "आई, आम्ही दुरुस्त करतो."

सासूबाई म्हणाल्या, "पोरीनं कशाला हात काळे करायचे? पोराला करू दे."

मी पाना लेकीच्याच हातात दिला. मेस्त्रींनी दाखवलं तसं भावंडांनी प्लगची काजळी काढली, कार्बोरेटर धुतला, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळलं. महिन्याने लूना फटफटली! नोंदणीची मुदत संपलीय, म्हणून फेरी अंगणातच.

आता सासूबाईच शेजारणींना सांगतात, "आमच्या पोरीनं चालू केली!" मैत्रिणींनो, तुमच्या घरात पाना कुणाच्या हातात असतो?