घोडी घ्यावी की न घ्यावी?

रात्री साडेदहाला फोन वाजला की पोटात गोळाच येतो. त्यातून जर्मनीहून फोन! पण पलीकडून मावसबहीण म्हणाली, "ताई, एक विचारायचं होतं. मी घोडी घेऊ का?"

मला ऐकू आलं गाडी. म्हटलं, "घे की! जुनी अजून किती दिवस चालवणार?"

"गाडी नाही गं, घोडी! सतरा वर्षांची."

आमची ही बहीण व्हेर्डेनजवळ राहते, तिथल्या एका दवाखान्यात नर्स आहे. व्हेर्डेन म्हणजे घोड्यांचंच गाव. हॅनोव्हेरियन जातीच्या घोड्यांचे लिलाव तिथे होतात, घोड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे. मुलगी कॉलेजला बाहेरगावी गेली आणि बाईसाहेब त्रेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर बसायला शिकू लागल्या. तेही ड्रेसाज!

आता हे ड्रेसाज म्हणजे काय? २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चार स्वारांनी सांघिक सुवर्ण जिंकलं, ते याच प्रकारात. १९८२ नंतर घोडेस्वारीत आपल्याला मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. त्यात दिव्यकृती सिंग आणि इंदूरची सुदिप्ती हजेला या दोन मुली होत्या, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवायचं! या खेळात उड्या नाहीत, शर्यत नाही. साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद मैदानात घोडा ठरलेल्या चाली करून दाखवतो. तिरका चालतो, गोल वळतो, जागच्या जागी पावलं टाकतो. परीक्षक एकेका चालीला शून्य ते दहा गुण देतात. गंमत अशी, की स्वार काही करतोय हे बघणाऱ्याला कळताच कामा नये. सगळं बोलणं पाठीतून, मांडीतून, टाचेतून.

मग सतरा वर्षांची घोडी कशाला? घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. म्हणजे ही आपल्यासारखीच, पन्नाशीकडे झुकलेली!

बहीण म्हणाली, "ताई, मला येत नाही आणि तिला येतं, म्हणून."

आणि मला एकदम आमच्या सासऱ्यांची आठवण झाली. नवा खोंड शिकवायचा, तर ते त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपायचे. तास कुठे संपतं, वळायचं कधी, थांबायचं कधी, हे त्या खोंडाला जुना बैलच शिकवायचा. सासरे नुसते मागून चालायचे. व्हिएन्नाच्या चारशे वर्षांहून जुन्या स्पॅनिश घोडेस्वारी शाळेतही हीच रीत आहे. नवशिक्याला शिकलेला, मुरलेला घोडा द्यायचा आणि कोवळा घोडा मुरलेल्या स्वाराकडे सोपवायचा. (त्या शाळेने शिकाऊ म्हणून मुली पहिल्यांदा घेतल्या त्या २००८ मध्ये. इतकी शतकं लागली बरं का!)

पण शिकलेली घोडी म्हणजे आयती सोय, असं समजू नका. पहिल्याच दिवशी बहिणीनं तिला सरळ चालवायला घेतलं, तर ती आडवी सरकायला लागली. ही वैतागली, "हट्टी दिसतेय!" शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हट्टी नाही. तुझा डावा पाय तिला जे सांगतोय, तेच ती करतेय." घरी येऊन ही रडली. कोवळ्या घोड्यावर असती, तर चूक त्याच्या माथी मारता आली असती! इथे ती सोय नाही. शिवाय चांगल्या पेटीवर रोज कुणीही बोटं आपटली तर पेटी बिघडते, तसंच हेही. नवशिक्याच्या हाताखाली शिकलेली घोडीही हळूहळू विसरते, म्हणून आठवड्यातून एकदा जाणकार स्वारानं तिच्यावर बसावं लागतं. त्याचे पैसे वेगळे.

पैशांचं म्हणाल, तर घोडीची किंमत नऊ हजार युरो. पागेचं भाडं महिन्याला साडेपाचशे. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद. दात, लसी, विमा. भाऊजी म्हणाले, "त्यापेक्षा भाड्यानं बस ना!" तशीही पद्धत आहे तिकडे. मालकाला महिन्याचे ठरावीक पैसे द्यायचे, आठवड्यातले दोन-तीन दिवस घोडा आपला. मलाही तेच शहाणपणाचं वाटलं. पण या मालकीणबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. त्यांना घोडी द्यायचीच होती, आणि चांगल्या हातात द्यायची होती.

बहिणीनं स्वतःचा डॉक्टर नेला, विकणाऱ्याचा नव्हे. (हे मात्र म्हैस घेतानाही लक्षात ठेवावं!) त्यानं घोडीचा एकेक पाय मिनिटभर दुमडून धरला आणि लगेच दुडक्या चालीनं पळवलं. मागच्या डाव्या पायाने ती चार पावलं किंचित लंगडली. एक्सरेत सांध्याची झीज दिसली. डॉक्टर म्हणाला, रोज बेताचं काम दिलं तर अजून काही वर्षं छान चालेल. नुसती उभी ठेवाल, तर आखडेल. मोठ्या स्पर्धा मात्र विसरा.

हे सगळं फोनवर चाललेलं सासूबाई ऐकत होत्या. त्यांनी हातातली जपमाळ खाली ठेवली आणि विचारलं, "आणि ती पुरती थकली म्हणजे? मग काय करणार तिचं?"

फोनवर पलीकडे शांतता. आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. जुना बैल बाजारात नेला, त्यानंतर दोन दिवस सासरे जेवले नव्हते. पुन्हा त्यांनी बैल शिकवला नाही, ट्रॅक्टर भाड्यानं आणायला लागले.

तीन आठवडे बहिणीचा फोन नाही. मला वाटलं, बारगळलं. मग एका रविवारी आला. म्हाताऱ्या घोड्यांना कुरणात ठेवून घेणारा एक शेतकरी तिनं शोधून काढला होता. तिथे जाऊन गवत पाहिलं, पाणी पाहिलं, थंडीतला निवारा पाहिला, महिन्याचा दर विचारला. तोही आकडा हिशेबात धरला आणि सगळी बेरीज नवऱ्यापुढे ठेवली.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आपली जुनी गाडी अजून चार वर्षं चालेल."

शनिवारी सह्या झाल्या. परवा तिनं एक छोटा व्हिडिओ पाठवला. मैदानाच्या कडेने घोडी चालली आहे. बहीण वर ताठ, श्वास रोखून बसलेली. सरळ रेषेत, चक्क दहा-बारा पावलं. मग डावा पाय पुन्हा काहीतरी बोलला असावा, कारण घोडी हळूच आडवी सरकली.

सासूबाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. म्हणाल्या, "जर्मनीत हिरवा चारा बारा महिने मिळतो का गं? विचार तिला."