जुगार आणि वैयक्तिक खर्च
जुगार आणि वैयक्तिक खर्च : जुगारातील लाभहानीमुळे व्यक्तीच्या खर्चविषयक सवयींत होणारा बदल. कष्टार्जित पैसा व जुगारात जिंकलेला पैसा यांची क्रयशक्ती एकच असते. परंतु मनुष्य मनात त्यांचा हिशेब निराळा ठेवतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. जिंकलेली रक्कम अनायासे लाभलेली वाटल्याने ती चैनीवर सहज खर्च होते किंवा पुन्हा पणाला लागते. थेलर व एरिक जॉन्सन यांच्या १९९० मधील अभ्यासानुसार जिंकल्यावर धोका पत्करण्याची वृत्ती वाढते, तर हरल्यावर तोटा पूर्णपणे भरून काढण्याची संधी देणारा डाव विशेष आकर्षक वाटतो.

त्यामुळे कौटुंबिक खर्चात लाभ व हानी यांची वजावट होत नाही. लाभ चैनीत जातो. हानीचा भार मात्र किराणा, घरभाडे, मुलांचे शिक्षण यांवर पडतो अथवा कर्ज काढून पेलावा लागतो. शिवाय हानीच अधिक संभवते. मटक्यात १० पैकी एका अंकावर लावलेल्या १ रुपयास रूढ दराने ९ रुपये मिळतात. म्हणजे दीर्घकाळात लावलेल्या रकमेपैकी सरासरी १० टक्के रक्कम जाते.

मोठ्या बक्षिसानेही सवयी पालटतातच असे नाही. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या सोडतीत ५०,००० ते १,५०,००० डॉलर जिंकणाऱ्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान बक्षीस मिळालेल्यांच्या तुलनेने त्यांच्यातील दिवाळखोरीचे प्रमाण पहिल्या दोन वर्षांत निम्म्याने कमी होते. परंतु तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत ते तितकेच वाढले. दिवाळखोरी टळली नाही, केवळ लांबणीवर पडली.